बेससाठी हलकं हेड: क्लास डी की एबी? मदत हवी आहे

मंडळी, मी पाचतारी बेस वाजवतो, बहुतेक लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. सध्याचं हेड (स्पीकर नसलेला, वेगळा अँप्लिफायर) क्लास एबीचं, म्हणजे जुन्या धाटणीचं, आत भलामोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर, वजन १७ किलो. हॉलचे जिने चढून कंबर गेली. (१९६९ सालचं अँपेग एसव्हीटी, ३०० वॉटचं ते ट्यूबवालं धूड, लोक कसं उचलायचे देव जाणे.)

आता दोन-तीन किलोची, ५०० वॉटची हेड बघतोय. मला समजलंय ते असं: वजन मुख्यतः एसएमपीएसमुळे (स्विच-मोड पॉवर सप्लायमुळे) घटतं, कारण ५० हर्ट्‌झऐवजी हजारो हर्ट्‌झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर लहान लागतो. क्लास डीत ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद होतात, तापतात कमी, म्हणून हीटसिंकही छोटा. मग एसएमपीएस लावलेला क्लास एबीही बराच हलका व्हायला हवा ना? आणि आवाजातला फरक नेमका कशाचा, प्रीअँपचा (सूर घडवणारा आधीचा टप्पा) की पॉवर अँपचा (स्पीकर चालवणारा शेवटचा टप्पा)?

खरी शंका खालच्या बी तारेची, म्हणजे ३१ हर्ट्‌झची. मित्राच्या क्लास डी हेडवर घरी झकास वाजली, पण ड्रम्स आणि ढोलकीसोबत जोर लावताच दबली. लिमिटर (अँपला मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं सर्किट) आडवा आला, की त्याचं एकुलतं ८ ओहमचं कॅबिनेट (स्पीकरचा खोका)? हेडचे ५०० वॉट मिळतात ते ४ ओहमच्या कॅबिनेटवर. ८ वर साधारण निम्मेच.

दोन्ही प्रकार एकाच कॅबिनेटवर वाजवलेल्यांनी सांगा. शिवाय मांडवातल्या जनरेटरवर एसएमपीएस टिकतो का? माझ्या जुन्या हेडचे ट्रान्झिस्टर गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी बदलले होते. या नव्यांना ते हात लावतील असं वाटत नाही.