दोन तास? छे!

हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडला, म्हणजे चिमुकल्या रेल्वेगाड्या नि गावांच्या प्रदर्शनाला, दोन तास पुरतील का, असं विचारलंय. आमचे चार गेले, तरी विमानतळ घाईतच पाहिला. (तोही चुकवू नका, विमानं खरंच धावपट्टीवरून उचलली जातात.)

गाड्या झकास आहेतच, पण मी अडकलो माणसांत. माप १:८७, म्हणजे उभा माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा. दर पंधरा मिनिटांनी तिथे रात्र होते, खिडक्याखिडक्यांत दिवे लागतात आणि हॉलमधला गलका आपोआप कमी होतो. मधेच क्नुफिंगन नावाच्या काल्पनिक गावात आग लागते नि बंबांची रांग सुटते. रस्त्याखाली तार पुरलेली, गाडीच्या पुढच्या चाकांपाशी लोहचुंबक. त्यावर ती वळते.

लेक मात्र तिथल्या चिमुकल्या स्वित्झर्लंडमधल्या चॉकलेटच्या कारखान्यापाशी चिकटली. बटण दाबलं की खरं चॉकलेट हातात! तीनदा रांग लावली बाईंनी.

तिकीट वेळेसकट आधीच काढा, दुपारी फार गर्दी असते. आणि पुणेकर असाल तर निघण्याआधी मुलांना कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवा. आकाराने अगदीच लहान, पण चटक तिथूनच लागते.