जिओकॅशच्या डब्यात कोणत्या भेटवस्तू ठेवाव्यात?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
गावाबाहेरच्या टेकडीवर, जमीनमालकाच्या परवानगीने, मी जिओकॅशचा डबा, म्हणजे जीपीएसच्या साहाय्याने इतरांनी शोधून काढायचा लपवलेला डबा, ठेवणार आहे. नोंदवही व पेन्सिल तयार आहे. परंतु शोधणाऱ्यांसाठी, विशेषतः सोबत येणाऱ्या मुलांसाठी, कोणत्या वस्तू योग्य ठरतील? संत्र्याच्या गोळ्या ठेवण्याचा विचार आहे.

उत्तर (चंद्रपूर)
गोळ्या कृपया ठेवू नयेत. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ठेवलेल्या पहिल्या जिओकॅशमध्ये खाद्यपदार्थाचा बंद डबा होता हे खरे, परंतु आता खाद्यपदार्थांना मनाई आहे, कारण वासाने मुंग्या येतात आणि आपल्या भागात तर रानडुक्कर किंवा अस्वलही डबा फोडू शकते. काडेपेटी, लायटर, चाकू, तंबाखू आणि औषधेही नकोत.

उत्तर (वर्धा)
आपल्याकडील उन्हाचाही विचार व्हावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मेणाचे खडू वितळतात, फुगे एकमेकांना चिकटतात आणि बॅटरीचे सेल गळून नोंदवही खराब करतात. पावसाळ्यात कागदी स्टिकरचा लगदा होतो. काचेच्या गोट्या, धातूचे बिल्ले, परदेशी नाणी आणि छोट्या प्लास्टिकच्या गाड्या मात्र टिकतात. मला स्वतःला गोट्या सर्वांत योग्य वाटतात, कारण मुले त्या लगेच खेळायला घेतात.

उत्तर (अमरावती)
वस्तू घेतल्यास तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी, ही सूचना झाकणाच्या आत मराठीत चिकटवावी. क्रमांक कोरलेले ट्रॅकेबल नाणे, म्हणजे ज्याचा डब्या-डब्यांतून होणारा प्रवास त्या क्रमांकावरून इंटरनेटवर नोंदवला जातो ते नाणे, मात्र भेटवस्तू नसते. ते पुढच्या डब्यात न्यायचे असते, हेही तिथेच लिहावे.