दातांच्या डॉक्टरांची भीती : तुमची कशी गेली?

दाढ ठणकायला लागली की गोळी घ्यायची, ठणका थांबला की विषय बंद, पुढच्या ठणक्याला पुन्हा गोळी. नुसत्या फिलिंगवर भागलं असतं ते काम अशानं रूट कॅनालवर किंवा दात काढण्यावर जातं. या चक्रातून बाहेर पडलेल्यांनी नेमकं काय उपयोगी पडलं ते लिहावं. दंतवैद्यांनीही लिहावं. फक्त "काही दुखत नाही हो, उगाच घाबरता" एवढं लिहू नये. ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

एक रुग्ण

मला दुखण्याची भीती तशी कमीच. तोंड उघडं, बोलायची सोय नाही, डोळ्यांवर दिवा आणि पुढच्या क्षणी काय होणार याचा पत्ता नाही, याने माझे हातपाय गार पडायचे. नव्या डॉक्टरांनी आधी खुर्ची सरळ ठेवून, मास्क खाली करून बोलून घेतलं. म्हणाल्या, "डावा हात वर केलात की मी थांबणार. कारण विचारणार नाही." काम सुरू झाल्यावर मी मुद्दामच हात वर केला, खरंच थांबतात का बघायला. ड्रिलचा आवाज बंद झाला, सक्शनची नळी बाहेर आली आणि त्या शांतपणे बघत राहिल्या. मी मानेनेच "चालू द्या" म्हटलं. उरलेला वेळ हात मांडीवरच होता.

दंतवैद्य

वरच्या अनुभवात सगळं आलंच आहे, मी सुईबद्दल लिहितो. बहुतेकांना वाटतं सुईचं टोक दुखतं. खरं तर औषध भसकन आत ढकललं की त्याचा दाब दुखतो. एका काडतुसात, म्हणजे औषधाच्या छोट्या नळीत, साधारण १.८ मिलि औषध असतं. मिनिटाला सुमारे १ मिलि अशा संथ गतीने दिलं तर फरक लगेच कळतो. त्याआधी बधिर करणारी जेल लावतो, पण हिरडी गॉजने कोरडी करून. ओल्या हिरडीवर ती लाळेत मिसळून जाते. लावून एक-दोन मिनिटं थांबावंही लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. टाळूवर मात्र कितीही हळू दिलं तरी जाणवतं, कारण तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते. ते मी आधीच सांगून टाकतो.

दुसरं, भुलीच्या औषधात बऱ्याचदा ॲड्रेनलिन असतं. टोचल्यावर काही मिनिटं छातीत धडधडू शकतं. आधी सांगितलेलं नसेल तर घाबरलेल्या माणसाला वाटतं, झालं, आता आपलं काही खरं नाही.

तिसरं, "मला भूल चढतच नाही" म्हणणारे बहुधा खरं बोलत असतात. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भुलीचं औषध नीट काम करत नाही. अशा वेळी दुसऱ्या जागी किंवा वेगळ्या पद्धतीने पुन्हा भूल द्यावी लागते. रुग्णाला "सहन करा" म्हणणं हा त्यावर उपाय नाही.

भीती मोजायला प्रश्नावलीही आहे. नॉर्मन कोरा या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये चार प्रश्नांची केली होती. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत पाचवा प्रश्न आला, तो भुलीच्या इंजेक्शनचा. २५ पैकी १९ किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र भीती. मला बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नावर पेन अडखळलं ते जास्त कामाचं वाटतं.

एक आई

मुलीला घरी "अजिबात दुखणार नाही" असं मुद्दाम सांगितलं नाही. दुखलं असतं तर पुढच्या वेळी तिने माझ्यावरही विश्वास ठेवला नसता. डॉक्टरांनी दात घासायचा फिरता ब्रश आधी तिच्या अंगठ्याच्या नखावर फिरवला. ती हसली, दुसरा अंगठा पुढे केला. मग एका दातावर, मग बाकीच्या. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं अशी ही रीत. मला कोपऱ्यात गप्प बसायला सांगितलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. भूल दिली असेल तर नंतर लक्ष ठेवा, मुलं बधिर ओठ चावत बसतात.

आणखी एक रुग्ण

सकाळची पहिली वेळ आणि कानात हेडफोन. दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरावं लागत नाही.

त्यावर दुसरा

हेडफोनने माझं उलट झालं. ऐकू येईना, त्यामुळे प्रत्येक स्पर्शाला दचकायचो. आता डॉक्टर "दहा सेकंद आवाज येईल" म्हणतात आणि दहापर्यंत मोजतात. मला तेच बरं.

उमाशांचा त्रास असलेली

माप घ्यायचा ट्रे तोंडात गेला की घशाशी यायचं. सरळ बसून, मान किंचित पुढे, नाकाने श्वास आणि एक पाय उचलून धरायचा. लक्ष पायाकडे जातं. हास्यास्पद दिसतं, पण जमतं.

लाफिंग गॅस घेतलेला

१८४४ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती, हे वाचून मला धीर आला. शुद्ध हरपत नाही, फक्त सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटतं. शेवटी काही मिनिटं ऑक्सिजन देतात आणि असर उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर मात्र तारीख बदलून घ्या, कारण वायू नाकावाटेच घ्यायचा असतो. गुंगीची गोळी वेगळी. ती घेतली तर सोबत कुणीतरी लागतं आणि गाडी चालवायची नाही.

दवाखान्यातली मदतनीस

फोनवर लोक हळूच विचारतात, "दात फार खराब झालेत, डॉक्टर रागावतील का?" दुखण्यापेक्षा ही लाज पुष्कळांना अडवते. "इतके दिवस काय करत होतात?" हे वाक्य आमच्याकडे कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. वेळ घेतानाच "मला भीती वाटते" एवढं सांगा. मी नावापुढे खूण करते, जास्त वेळ राखून ठेवते आणि बाहेर ताटकळत बसवत नाही. पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि लागला तर एक्स-रे, एवढंच करा म्हणालात तरी चालतं.