मताचा हक्क आपल्याकडे आयता मिळाला?

रानजाई:
‘इंग्लंडातल्या बायका तुरुंगात गेल्या, आपल्याकडे घटनेने एकदमच मत दिलं, बायकांना मागावंही लागलं नाही.’ काल इथे सरळरेषा यांनी हे लिहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू शिष्टमंडळ घेऊन मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटल्या आणि बायकांना मत मागितलं, तेव्हा घटना कुठे होती? मत कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीने मागणी फेटाळली. मग १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा लेकीला, मिठनला, घेऊन लंडनला गेल्या आणि ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली. निर्णय प्रांतांवर सोपवला गेला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबईने बायकांवरची मतदानाची बंदी उठवली. हे आयतं?

सरळरेषा:
बोटीने लंडनला जाणं कुणाला परवडत होतं? १९२१ चं मत मालमत्ता असलेल्या मूठभर बायकांचं. माझी पणजी दुसऱ्याच्या शेतावर राबायची. तिला मत मिळालं ते घटनेमुळे. सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागणाऱ्या आंबेडकरांचं नाव तुमच्या यादीत का नाही?

रानजाई:
आंबेडकरांचं नाव हवंच, मान्य. पण मालमत्तेची अट पुरुषांनाही होती. नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा अखिल भारतीय महिला परिषदेने लग्नाशी जोडलेलं मत नको, सरसकट प्रौढ मताधिकार द्या, असं बजावलं. सरकारने ऐकलं नाही, १९३५ च्या कायद्यात ती अट आलीच. तुमच्या पणजीसाठीही त्या भांडत होत्या.

मोहोळ:
मत मिळालं, पण यादीत नाव नको का? पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळली, कारण नोंद होती ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’. आणि आज? लग्नानंतर माझं नाव माहेरच्या यादीतून गेलं, सासरच्या यादीत आलंच नाही. केंद्रावरून परत पाठवलं. नवरा मत देऊन आला, मी बाहेर उभी.

तिसरा डोळा:
तुमचं वाईट वाटलं. पण पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तेव्हा ती नावं वगळली ते योग्यच. बाईला स्वतःच्या नावानेच मत असायला हवं. स्वतःचं नाव नोंदवायला मुदतही वाढवून दिली होती.

मोहोळ:
मुदत कुणाला कळली? यादीवाला दारात आल्यावर बोलायला पुढे कोण जायचं? नाव लपवलं घरच्या पुरुषांनी, मत गेलं बाईचं, आणि तुम्ही ‘योग्यच’ म्हणता! जिचं मत गेलं तिला विचारा.

सरळरेषा:
नाव असूनही काय फरक पडतो? आमच्या घरी वडील सांगतील तिथेच आई मत देते.

रानजाई:
आईला एकटीला कधी विचारलंत? माझी आजी आजोबांना ‘हो’ म्हणायची आणि शिक्का स्वतःच्या मनाने मारायची. ते गेल्यावर आम्हाला सांगितलं. २०१९ च्या लोकसभेला मतदानाच्या टक्केवारीत बायका पुरुषांच्या किंचित पुढे होत्या. सगळ्या काय नवऱ्यांनी ढकलून नेल्या?

सरळरेषा:
आईला विचारलेलं नाही. १९१७ चंही मान्य, ‘मागावंही लागलं नाही’ एवढे शब्द मागे घेतो. पण घटनेचं श्रेय टाटांना देणार नाही.

तिसरा डोळा:
मोहोळताई, मुदतीचं पटलं. घरोघरी जाऊन बायकांशीच बोलायला हवं होतं. तरी त्या नोंदी तशाच ठेवल्या असत्या, तर १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीलाही यादीत ‘तमक्याची बायको’च राहिली असती.

मोहोळ:
मग आता तरी लग्न झालेल्या मुलीचं नाव नव्या यादीत चढल्याशिवाय जुन्या यादीतून काढू नका. एवढंच मागतेय.