हाउस ऑफ टेरर: यातना दिसतात, कादारची बत्तीस वर्षं कुठे आहेत?

अनुराधा_क:
बुडापेस्टच्या आंद्राशी रस्त्यावर ६० नंबरची इमारत आहे. १९४४ मध्ये तिथे ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाचं मुख्यालय होतं. युद्धानंतर कम्युनिस्टांच्या गुप्त पोलिसांनी तीच इमारत घेतली. २००२ पासून तिथे 'हाउस ऑफ टेरर' हे संग्रहालय आहे. आतल्या चौकात रणगाडा, त्याच्या मागे बळी गेलेल्यांचे फोटो वरपर्यंत लावलेले. शेतकऱ्यांवरच्या सक्तीच्या लेव्हीची खोली डोक्यातून जात नाही. तिच्या भिंती डुकराच्या चरबीच्या ठोकळ्यांसारख्या विटांच्या आहेत. मग लिफ्ट मुद्दाम सावकाश तळघरात उतरते आणि तेवढा वेळ पडद्यावर एकजण फाशी कशी देत ते सांगत असतो.

हे सगळं खरं आहे. पण कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा १९५६ चा उठाव सोव्हिएत फौजांनी चिरडल्यावर कम्युनिस्ट नेता यानोश कादार सत्तेवर आला तो १९८८ पर्यंत राहिला. त्या काळाला इथे जेमतेम जागा आहे. बालातोन सरोवरावरच्या कामगार संघटनांच्या स्वस्तातल्या सुट्ट्या, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणं, 'तुम्ही राजकारणात पडू नका, आम्ही तुमच्या वाटेला जाणार नाही' हा अलिखित करार. बहुतेक हंगेरियन माणसं जगली ती या राजवटीत. ते वगळलं की म्हातारी माणसं त्या दिवसांबद्दल हळवी का होतात हे कुणाला कळणारच नाही.

विसूभाऊ:
अजिबात पटलं नाही. ज्या तळघरात माणसं छळून मारली, तिथे सरोवराकाठच्या सुट्टीचं काय काम? आणि बाहेर पडताना लागणारी भिंत पाहिलीत ना? छळ करणाऱ्यांचे फोटो नावानिशी लावलेत. जुन्या राजकीय खुनांची मुदत उलटली तरी खटले चालवता यावेत म्हणून संसदेने कायदा केला होता. घटना न्यायालयाने तो १९९२ मध्ये रद्द ठरवला. कोर्टात झालं नाही ते निदान भिंतीवर तरी झालं. बळींच्या नातवंडांना यापेक्षा काय मिळालं?

नीरजा_बर्लिन:
विसूकाका, 'सुट्टी'वाला इतिहास वेगळा काढला की काय होतं ते इथे बर्लिनमध्ये बघा. २००६ मध्ये स्प्रे नदीकाठी खासगी डीडीआर (म्हणजे पूर्व जर्मनी) म्युझियम निघालं. ट्राबांट या तिथल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसा, मांडलेल्या बैठकीच्या खोलीत कपाटं उघडून बघा. मुलं खूश, आईबाप फोटो काढतात. पूर्व जर्मनी म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान होतं असंच वाटायला लागतं. त्याच शहरात पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, होहेनश्योनहाउझेनच्या तुरुंगात कधीकाळचे कैदी स्वतः कोठड्या दाखवायचे, तिथे कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझा आक्षेप या वाटणीलाच आहे. श्टाझीला खबरा पुरवणारे दीड लाखाहून जास्त लोक याच बैठकीच्या खोल्यांत बसत होते. तो सोफा आणि ती फाइल शेजारी-शेजारी दिसायला हव्यात.

अनुराधा_क:
नीरजा, अगदी हेच.
विसूभाऊ, भिंतीबद्दल वाद नाही. पण भिंतीवर कोण नाही ते बघा. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यूंना हद्दपार केलं, बहुतेकांना आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत. गाड्यांत कोंबणारे हंगेरियन जंडार्म (सशस्त्र पोलीस) होते आणि राष्ट्रप्रमुख होर्ती होता. ॲरो क्रॉस सत्तेवर आला ऑक्टोबरमध्ये! म्हणजे गोष्ट या इमारतीपुरती सांगितली की होर्तीचं राज्य अलगद सुटतं. संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधान ओर्बानच्या उजव्या सरकारने निवडणुकीच्या दोन महिने आधी केलं, हेही विसरू नका. पुढे २०१८ मध्ये त्यांच्याच राजवटीत इम्रे नॉजचा पुतळा संसदेजवळून हलवला. नॉज स्वतः कम्युनिस्ट, १९५६ चा पंतप्रधान, १९५८ मध्ये फासावर गेलेला. असा माणूस या 'ते आणि आपण'च्या मांडणीत बसतच नाही.

विसूभाऊ:
होर्तीचा मुद्दा मान्य, तो मोठा आहे. पण बुडापेस्टमध्येच २००४ पासून होलोकॉस्ट स्मारक केंद्र आहे. सगळा इतिहास एका छपराखाली कोंबायचा हट्ट का? उद्घाटन कुणी केलं यावरून तळघर खोटं ठरत नाही. कादारच्या काळाचं संग्रहालय जरूर काढा, नीरजा म्हणते तसं सोफा आणि फाइल शेजारी ठेवून. मी आधी रांगेत उभा राहीन. फक्त ते ६० नंबरमध्ये नको. तिथे आधी मेलेल्यांचा हक्क आहे.

नीरजा_बर्लिन:
मग ते काढणार कोण, विसूकाका? सरकारला 'आपणही त्यात होतो' हे दाखवायचं नाही आणि खासगीवाल्याला तिकीट विकायचंय.