बालवाडीतल्या अक्षर-आकड्यांच्या ॲक्टिव्हिटी: कमी खर्चात नि भर पावसाळ्यात काय चालतं?

सुरंगी_१:
नमस्कार मंडळी. मी गुहागरकडच्या एका गावात बालवाडी घेते. एकच खोली, पुढे पडवी, पोरं बावीस, वय साडेतीन ते सहा सगळी एकत्र. पालकांचं एकच टुमणं असतं, आज वहीत काय लिहिलं ते दाखवा. शहरातल्या नातेवाइकांच्या पोरांना म्हणे हंड्रेडपर्यंत येतं. अहो, आमच्यांनाही येतं की, एक ते शंभर घडाघडा म्हणतात, पण समोर सात शिंपल्या मांडल्या नि किती विचारलं तर बोट एकीकडे, तोंड भलतीकडे, एकच शिंपली दोनदा मोजतात, कोणी नऊ म्हणतं कोणी अकरा, नि मग माझ्या तोंडाकडे बघतात बरोबर का म्हणून. अक्षरांचंही तेच, तक्त्यावरचं कमळ बघून क म्हणतात, चित्र झाकलं की गप्प.

मला हाताने करायच्या गोष्टी हव्या आहेत, ऑनलाइन मिळणारी लाकडी किट परवडत नाहीत नि आणली तरी बावीस जणांना पुरणार नाहीत. दुसरी अडचण म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर पुठ्ठा सादळतो, कार्डांना बुरशी येते, अंगणात जाता येत नाही. तुम्ही लोक काय करता? अनुभवाचं सांगा प्लीज, पीडीएफ नको, ढीगभर आहेत.

चिंचोका:
सुरंगीताई, मी मालवणकडची, बालवाडीतूनच रिटायर झाले. तुमचं सात शिंपल्यांचं वाचून हसले कारण हे घरोघरी असंच असतं. शंभरपर्यंत म्हणणं म्हणजे पाठांतर, ते आरतीसारखं येतं. मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा नि शेवटी जो आकडा आला तेवढ्या एकूण वस्तू, ह्या दोन गोष्टी पोराला कळल्या की मोजणं आलं. त्यातली दुसरी फार उशिरा कळते. पोर सातपर्यंत बरोबर मोजतं, आपण विचारतो मग किती झाल्या, तर ते परत एकपासून सुरू करतं. तेव्हा ओरडू नका, करू द्या.

उपाय एकदम साधा. दोन करवंट्या घ्या, एकीत शिंपल्या, दुसरी रिकामी. एक उचलायची, आकडा म्हणायचा, दुसरीत टाकायची, टक्क आवाज आला पाहिजे. उचललेली वस्तू परत मोजता येत नाही ना, त्यामुळे दोनदा मोजणं आपोआप थांबतं. सुरुवात पाचपर्यंतच ठेवा, पाच पक्के झाल्याशिवाय दहावर जाऊ नका, पालक काहीही म्हणोत.

दुसरं म्हणजे अंड्यांचा ट्रे. तीस अंड्यांचा असतो तो, पाच-पाचच्या सहा ओळी. दोन-दोन ओळी कापल्या की एका ट्रेचे तीन तुकडे, प्रत्येकात दहा खळगे. वरची ओळ आधी भरायची मग खालची. थोड्या दिवसांत पोर न मोजता सांगतं, वरची भरली नि खाली दोन म्हणजे सात. आणि मी हळूच विचारते, दहाला किती कमी? ही वजाबाकी झाली पण तसं नाव घ्यायचं नाही.

आणि ज्याच्यावरून माझं नाव आहे ते विसरू नका. चिंचोके भाजून, फोडून दोन दळं करायची, आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी, आपण लहानपणी पटाच्या खेळात फाशांसारखे घ्यायचो तसे. पाच दळं हातात घोळवून टाकायची. तीन पांढरे दोन काळे, चार पांढरे एक काळा, कधी पाचही पांढरे नि मग आरडाओरडा. पाच किती तऱ्हांनी होतात हे पोरांना फळ्यावर लिहून दहा वेळा सांगितलं तरी कळणार नाही, ह्या खेळात दोन दिवसांत कळतं. फक्त चिंचोक्यांना पावसाळ्यात कीड लागते म्हणून भाजलेलेच ठेवा नि डबा घट्ट झाकणाचा घ्या.

खाडीपलीकडे:
मी पालक आहे, शिक्षक नाही, त्यामुळे राग मानू नका. हे खेळ वगैरे छान आहे पण पहिलीत गेल्यावर तिथल्या बाई म्हणतात लिहिता येत नाही. मग कोणाला बोलायचं? आमच्या पोराला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही आणि बालवाडीत म्हणे दिवसभर माती खेळतात.

पाटी_पेन्सिल:
खाडीपलीकडे दादा, मी पहिलीलाच शिकवतो, जिल्हा परिषद शाळा, दापोली तालुका. तुम्ही म्हणता ती तक्रार मी करत नाही, उलट माझी तक्रार ही आहे की चार वर्षांच्या पोरांना चौकटीच्या वहीत पानंच्या पानं गिरवायला लावतात, ती मूठ आवळून पेन्सिल धरायला शिकतात, नि ती सवय मोडताना माझा घाम निघतो. बोटात ताकद नसेल तर पेन्सिल येणार कुठून? माती मळणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, आठळ्यांची सालं काढणं, अबोलीची फुलं दोऱ्यात ओवणं, ही सगळी लिहिण्याचीच तयारी आहे. गणपतीच्या आधी गावातल्या मूर्तिशाळेत जा नि शाडूचे उरलेले गोळे मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. त्याच्या वळ्या करून अक्षर वळायचं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर माती बरेच दिवस चालते आणि पावसाळ्यात ती लवकर सुकत नाही हा उलट फायदाच.

आता सुरंगीताई, अक्षरांबद्दल. क ख ग घ ह्या क्रमाने जाऊ नका. तो क्रम शास्त्रीय आहे, उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलाय, पण वाचायला शिकणाऱ्या पोराला त्याचा उपयोग नाही, कारण क ख ग घ एवढ्यावर त्याच्या ओळखीचा शब्दच तयार होत नाही. मी म, स, न, क, र आणि काना एवढंच आधी घेतो. बघा काय काय होतं: मासा, काका, मामा, नाक, कान, मान, रस, सासर. आमच्याकडे पोरांनी स्वतः जुळवून वाचलेला पहिला शब्द मासा असतो, आणि तो वाचल्यावर वर्गात जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो. काना लवकर द्यायचा, बाराखडीपर्यंत थांबायचं नाही. सारखी दिसणारी अक्षरं मात्र लांब लांब ठेवा, घ-ध, भ-म, ब-व, प-ष एकाच आठवड्यात नको.

अक्षर बोटाने गिरवायला पॉलिश पेपरची अक्षरं करा. ही कल्पना मारिया माँटेसरींची, १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह काढलं, त्या काळापासूनची आहे नि अजून तिच्याहून सोपं काही निघालेलं नाही. हार्डवेअरच्या दुकानात साधा पॉलिश पेपर देतील तो घेऊ नका, पावसात गळून जातो, रंगारी लोक पाणी लावून घासायला वापरतात तो काळा वॉटर पेपर मागा. अक्षर कापून प्लायच्या तुकड्यावर फेविकॉलने चिकटवा, सुरुवात जिथून करायची तिथे लाल ठिपका द्या. दोन बोटं फिरवताना तोंडाने आवाज म्हणायचा. अक्षराचं नाव नि चित्र नको, नुसता आवाज. तुमचं ते कमळ झाकलं की गप्प, ते ह्याने जाईल.

आणि सगळ्यात आधी कान. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा खेळ घ्या, पण त्यात एक गंमत आहे. नारळ बोलताना दोनच टाळ्या येतात, ना-रळ, लिहिताना अक्षरं तीन. फणसाचंही तसंच, फ-णस. पोरं दोन टाळ्या वाजवतात आणि बाई म्हणतात चूक, तीन. पोरांचं बरोबर असतं, ती ऐकतायत. म्हणून टाळ्यांचा खेळ वेगळा नि अक्षरं मांडायचा खेळ वेगळा ठेवा, एकात एक मिसळू नका.

चिंचोका:
फणसावरून आठवलं. आमच्याकडे घरात सगळे पणस म्हणतात. तक्त्यावर फ फणसाचा, आणि पोर ठामपणे सांगतं, बाई, ह्यो पणस! मग त्याला फ कुठून ऐकू येणार? मी फ ला फुगा घ्यायचे, फुगा सगळ्यांचा फुगाच. तक्ता छापणारे पुण्या-मुंबईत बसून छापतात, आपण आपल्या पोरांच्या तोंडातले शब्द बघून चित्र बदलावं. आणि पोर जे बोलतं ते तसंच लिहून दाखवायचं. एकाने सांगितलं, आजोबा रापणीक गेलो, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला गेले. मी मोठ्या अक्षरात तेच लिहिलं, खाली त्याने होडी काढली, महिनाभर भिंतीवर होतं आणि रोज येणाऱ्याजाणाऱ्याला तो बोट ठेवून वाचून दाखवायचा. गेले का गेलो ह्याच्यात मी पडले नाही, प्रमाणभाषा पुढे येतेच.

पाटी_पेन्सिल:
हे शंभर टक्के. पहिलीत येतात तेव्हा बोलायलाच घाबरणारी पोरं असतात ती बोलणं सारखं टोकल्यामुळेच तशी झालेली असतात.

डहाणूवाली:
उशिरा येतेय धाग्यावर. आपल्या किनाऱ्यावरच हे सगळं पूर्वी होऊन गेलंय हो, कोणी नाव काढलं नाही म्हणून लिहिते. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महाग, ती खेड्यात कोण घेणार, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती असं जवळचंच सामान घेतलं. पाड्यावरची पोरं शाळेत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात, त्यातून अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा. तेव्हा तुमच्या बालवाडीत किट नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

काही इशारे मात्र द्यायचेत कारण उत्साहात लोक काहीही बिया गोळा करतात. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी वर्गात आणू नका, चावून पोटात गेली तर विषारी आहे. एरंडाच्या बियाही नको. कच्च्या काजूच्या बियाही नको, सालातल्या चिकाने पोरांचे हात सोलवटतात. तीन वर्षांच्या आसपासचं धाकटं भावंड वर्गात येऊन बसत असेल तर चिंचोके, खडे वगैरे त्याच्या हाताला लागणार नाहीत असं बघा, घशात अडकतं. शिंपल्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, वाळवून घ्या नाहीतर जुलैत वर्गभर वास सुटेल, आणि धारदार कडा दगडावर घासा. अंड्याचे ट्रे कोरे मागा, दुकानदाराकडे गठ्ठे असतात, वापरलेल्याला कोंबडीची घाण असते.

सुरंगी_१:
किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक यू! करवंट्यांचं लगेच सुरू केलं, तो टक्क आवाज पोरांना फारच आवडलाय, आता डब्यात, वाटीत, बाईंच्या पर्समध्ये, सगळीकडे टक्क चाललंय.

मीही एक सांगते, आमच्याकडे जमलेलं. जुन्या प्लास्टिकच्या फायलींच्या कव्हरांचे बांगडे कापलेत, भिजले तरी काही होत नाही. पडवीत मासळीबाजार मांडतो. वाटे लावायचे, प्रत्येक वाट्यात चार, एक जास्त नाही एक कमी नाही, गिऱ्हाईक मोजून घेणार. पंधरा बांगड्यांचे चार-चारचे वाटे लावताना तीन उरतात तेव्हा जी चर्चा होते ना! एक म्हणे तीन मांजराला. एकीची आई खरोखर मासे विकते, ती टोपली घेऊन अशी बसते की विचारू नका, तीन वाटे घेतलेल्या गिऱ्हाइकाला वर एक बांगडा टाकते नि म्हणते, असू दे, उद्या पण माझ्याकडेच ये.

आता पुढचा प्रश्न. दहाच्या पुढे अडकतंय. अकरा, बारा, तेरा ह्या नावांत दहा कुठे दिसतच नाही. आणि एकोणीस तर वीसच्या आधी येऊन बसतो नि नाव वीसचं घेतो.

पाटी_पेन्सिल:
ते आपल्या मराठीचं दुखणंच आहे. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं छापलं तर केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, विधानसभेपर्यंत गेलं. माझं मत विचाराल तर जुनी नावं जाऊ नयेत, पण शिकवताना जोडीने दहा-एक, दहा-दोन म्हणायला काय हरकत आहे, मी म्हणतो. हातात मात्र काहीतरी पाहिजे. माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या, काढा, वीतभर तुकडे करा, टोकं बोथट करा. दहा हीर झाले की रबरबँड लावून जुडी. अकरा म्हणजे एक जुडी नि एक सुटा. एकोणीस म्हणजे एक जुडी नि नऊ सुटे, अजून एक आला की दुसरी जुडी बांधायची, हे बांधणं पोरानेच करायचं, तुम्ही बांधून दिलीत तर फुकट. बालवाडीत वीसच्या पुढे जायचं कारणच नाही.

खाडीपलीकडे:
बरं, पटलं थोडंफार. घरी माड आहेत, हीर मी पाठवतो आमच्या बाईंकडे. ते चिमट्यांचं घरी करायचं असेल तर साधे प्लास्टिकचे चालतात का लाकडीच पाहिजेत?

पाटी_पेन्सिल:
कुठलेही चालतील. फक्त स्प्रिंग फार कडक नको, आधी स्वतः दाबून बघा. आणि दोरी पोराच्या छातीच्या उंचीला बांधा, वर नको.