पाड्यावरच्या संध्याकाळच्या वर्गांसाठी संस्था नोंदवावी का? शहादा-धडगाव-धुळ्याकडच्या जाणकारांचा सल्ला हवा

पायथ्याचा_मास्तर
राम राम मंडळी. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमच्याकडे काही पाड्यांवर संध्याकाळचे वर्ग चालतात. पोरं घरी पावरी बोलतात आणि शाळेचं पुस्तक मराठीत, त्यामुळे पहिली-दुसरीतच अडतं. म्हणून त्याच पाड्यावरची बारावी, बीए झालेली मुलं-मुली त्यांना आधी पावरीतून आणि मग मराठीतून शिकवतात. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. काही पोरं आजीजवळ राहतात, काही सोबत जातात आणि परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

आजवरचा खर्च ओळखीतल्या वर्गणीतून निघाला. शिकवणाऱ्यांना थोडं मानधन, वह्या, दिवे, एवढाच. आता एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी वर्ग पाहिले आणि म्हणाले, संस्था नोंदवा, सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकामाच्या निधीतून) मदत करू. दुसरीकडे एक एजंट म्हणतो की नोंदणीच्या भानगडीत पडू नका, मी तुम्हाला जुनी 'तयार संस्था' देतो, ८०जीसकट (म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी). ट्रस्ट करावा, सोसायटी करावी की सेक्शन ८ (बिननफ्याची) कंपनी? आणि आपल्या भागात कुणाचं काम जाऊन पाहावं?

धुळ्याचा_लेखापाल
भाऊ, तुमनं काम भारी शे, म्हणून सविस्तर लिहितो. धुळे-नंदुरबारच्या संस्थांचे हिशोब हेच माझं रोजचं काम आहे.

सगळ्यात आधी त्या एजंटला नाही म्हणा. संस्था विकता येत नाही. तो जे देतो ते म्हणजे जुन्या विश्वस्तांचे राजीनामे आणि तुमच्या नावांचा बदल अर्ज. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली हा अर्ज बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीत, तुमची नावं चढेपर्यंत कागदावर जुनेच लोक असतात. शिवाय मागची न भरलेली ऑडिटं, देणी, वाद, सगळं तुमच्या अंगावर येतं. अशा संस्थेत अडकलेली चांगली पोरं मी पाहिली आहेत. त्यांची उमेद कार्यालयाच्या फेऱ्यांत गेली.

आता प्रकार. आपल्याकडे सोसायटी १८६० च्या कायद्याखाली नोंदली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. म्हणून सोसायटीला एफ क्रमांक मिळतो, साध्या ट्रस्टला ई क्रमांक. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, निवडणूक आणि सभा होतात. ट्रस्ट थोड्या लोकांत होतो, पण सत्ताही थोड्यांकडेच राहते. सेक्शन ८ कंपनी दोघांत होते आणि कारभार ऑनलाइन असतो, मात्र दरवर्षी कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रं भरावी लागतात आणि त्याची फी गावच्या वर्गणीला झेपत नाही. पाड्यावरचं काम असेल तर मी सोसायटीच सुचवतो.

पण खरा मुद्दा पुढे आहे. त्या अधिकाऱ्यांचा हेतू चांगला असेल, तरी नवी संस्था नोंदवल्याबरोबर तिला सीएसआरचा पैसा घेता येत नाही. कंपनीने बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआर-१ या नोंदणी फॉर्मचा क्रमांक लागतो. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. म्हणजे केवळ या पैशासाठी नोंदणी करत असाल तर तो हातात यायला मधे काही वर्षं जातील. तोवर ऑडिटचा खर्च सुरूच. म्हणून आधी दोन-तीन वर्षं एखाद्या जुन्या संस्थेखाली काम करा.

अमळनेरकर_आजोबा
लेखापालांनी नेमकं सांगितलं. मी निवृत्त शिक्षक आहे, म्हणून शाळेच्या बाजूनं लिहितो. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. गावातच मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय होते आणि शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. तुमचं निम्मं दुखणं दिवाळीनंतरच्या महिन्यांचं आहे. तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून मागणी दिवाळीच्या बऱ्याच आधी पाठवायला लावा. घरं गेल्यावर मागणी करून उपयोग होत नाही. तुमची शिकवणारी मुलं त्या वसतिगृहात संध्याकाळी वर्ग घेऊ शकतील.

काय पाहावं म्हणाल, तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं जाऊन मात्र हे पाहा की जंगल राखण्याचे नियम गावानं कसे ठरवले आणि मोडणाऱ्याला दंड कसा लावला. संस्थेची पाटी नंतर आली, आधी गाव एका विचाराचं झालं. जळगावला दीपस्तंभचं मनोबल केंद्र पाहा, दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचं काम आहे. आणि धुळ्यात राजवाडे मंडळात एक दुपार काढा. १९२७ साली उभी राहिलेली संस्था आजही कागद जपते आहे. त्यांचं काम इतिहासाचं आहे, पण संस्था माणसांच्या पिढ्या ओलांडून कशी टिकते हे तिथं दिसेल.

मोलगीची_ताई
मास्तरदादा, नर्मदेच्या काठच्या जीवनशाळा पाहायला विसरू नका. अक्राणी-अक्कलकुव्याच्या बुडितातल्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनानं त्या १९९० च्या दशकात सुरू केल्या. मुलांच्या बोलीला मान देऊन कसं शिकवायचं ते तिथं कळेल.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सगळे सांगतात की आधी दुसऱ्या संस्थेखाली काम करा. पण आमच्या भागात बाहेरच्या संस्था येतात, प्रकल्प संपला की जातात, आणि पाड्यावरची पोरगी 'स्वयंसेविका'च राहते. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना हे शहाद्याचंच. १९७० च्या दशकात आदिवासी शेतमजुरांनी स्वतः उभं राहून जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न मांडला. तेव्हा आज नोंदवा किंवा दोन वर्षांनी, पण ते सात सभासद पाड्यावरचेच घ्या, त्यात मुली घ्या. तालुक्याच्या गावातली आडनावं लेटरहेडवर आणि पावरा-भिल्ल पोरं फक्त फोटोत, असं कृपया करू नका.

आणि ग्रामसभेला विसरू नका. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात असेल (शहादा तालुका पूर्ण नाही, काही भागच येतो, तो तपासा), तर पेसाखाली (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते आणि शिक्षण त्यात बसतं. वर्गाला खोली, सोलर दिवे, पुस्तकं यासाठी ठराव घ्या. तो पैसा गावाचा आहे, कुणाच्या दयेचा नाही.

पुण्यातला_खान्देशी
मी दरवर्षी आपल्याकडच्या दोन-तीन संस्थांना देणगी देतो. देणाऱ्याच्या बाजूनं सांगतो, मला ८०जी पेक्षा हिशोब महत्त्वाचा वाटतो. महिन्याला एक पान पाठवा: किती आले, कुठे गेले, किती मुलं आली. अहवालात हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो कमी आणि आकडे जास्त असावेत. अजून एक, वर्गणी कुणा एकाच्या वैयक्तिक फोन-पे वर घेऊ नका. आज विश्वास आहे, उद्या गावात प्रश्न निघतो.

पायथ्याचा_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला आजच नाही कळवलं. ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्या वर्गातल्या दोन शिक्षिका सभासद व्हायला तयार आहेत, त्यांनीच विचारलं होतं.

सध्या ठरतंय ते असं: ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी, आणि नंदुरबारच्या एका जुन्या, नियमित ऑडिट असलेल्या संस्थेचा उपक्रम म्हणून दोन-तीन वर्षं काम. लेखापाल दादा, त्या संस्थेशी करार करताना काय लिहून घ्यावं?

धुळ्याचा_लेखापाल
तुमच्या उपक्रमाची स्वतंत्र खातेवही आणि जमल्यास स्वतंत्र बँक खातं. खर्चाला मंजुरी कोण देणार, संस्था कार्यालयीन खर्चासाठी किती टक्के ठेवणार, देणगीची पावती किती दिवसांत देणार, हे आकड्यांत लिहा. दोन हजारांच्या वर रोख देणगी घेतली तर देणाऱ्याला ८०जी ची सूट मिळत नाही, म्हणून रक्कम बँकेतूनच घ्या.

त्या संस्थेकडे परदेशी निधी असेल तर आणखी एक. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून उद्या तुमची सोसायटी झाली की त्यांच्या परदेशी देणगीतून तुम्हाला काही मिळणार नाही, हे आजच गृहीत धरा.

आणि वेगळं होण्याचं कलम घाला. वह्या, साहित्य, मुलांच्या नोंदी, शिल्लक रक्कम यांचं काय होईल ते स्पष्ट हवं. शिल्लक पैसा तुमच्या सोसायटीकडे थेट वळवता येईलच असं नाही, ते देणगी कोणत्या अटीवर आली त्यावर ठरतं. कामाचे दाखले आणि अहवाल तुमच्या गटाच्या नावासकट निघतील असंही लिहा. पुढे सोसायटी झाल्यावर नवा आयकर कायदा (२०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासून लागू) पाहूनच अर्ज करा. कलमांचे क्रमांक बदललेत आणि जुने नमुने अजून सगळीकडे फिरतात. कराराचा मसुदा झाला की इथं टाका, मी वाचून देईन, फी नको.

मोलगीची_ताई
मसुदा पावरीतून वाचून दाखवा, मगच सह्या घ्या.